शेततळं: पाणी साठवायचं की विहिरीतलं वर आणून ठेवायचं?

गोदाकाठ: दिवाळीनंतर जालन्याकडे गेलो होतो. वस्तीजवळ पाच शेततळी मोजली. पाचही प्लास्टिक अस्तराची, काठोकाठ भरलेली. ओढ्याचं पाणी आत यायला एकालाही वाट नाही, काठावर मात्र विहिरीवरून आलेला पाइप. जमिनीखाली सावलीत होतं ते पाणी उपसून उन्हात ठेवलं, यात साठवण कसली? अशा तळ्यांचं अनुदान बंद करा.

मोसंबीवाला: सुट्टीत येऊन तळी मोजणं सोपं आहे हो. २०१२ च्या दुष्काळात आमची साडेतीनशे झाडं वाळली. मोसंबी हाताशी यायला पाच-सहा वर्षं जातात, वाळायला एक मे महिना पुरतो. आणि विहिरीत ठेवलेलं पाणी माझंच राहतं का? शेजारचा बोअर सहाशे फुटांवर आहे, तो ओढून नेतो. तळ्यातलं निदान दिसतं तरी. जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावची द्राक्षं कशावर उभी आहेत?

भेगा_आणि_मुरूम: कडवंचीचं नाव सगळे घेतात, क्रम विसरतात. तिथे आधी पाणलोटाची, म्हणजे पाणी अडवायची-जिरवायची कामं झाली, तळी मागून आली. हिशेबही बघा: ३० बाय ३० मीटरचं तळं, उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर उडालं तरी ९ हजार लिटर. रोज एक टँकर म्हणा. आपल्याखाली बेसॉल्ट म्हणजे काळा कातळ आहे, पाणी राहतं ते भेगांत आणि मुरमात. एकाने उपसलं की चौघांच्या विहिरी उतरतात.

मोसंबीवाला: उडतं, मान्य. मग उसाचं काय? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ऊस सुटला का?

रानातली: पाण्यावर भांडताय, मातीचं कुणी बोलेना. सोयाबीन निघालं की आमचं रान उघडं पडतं. पाऊस तीन-तीन आठवडे दडी मारतो आणि मग एका रात्रीत ओततो. काळी माती भिजून फुगली की भेगा मिटतात, वरचं सगळं वाहतं. गेल्या पावसात बांध फुटला. ओढ्याला चाललेलं ते काळं पाणी म्हणजे मी उन्हाळ्यात टाकलेलं शेणखत होतं.

गोदाकाठ: नगरकडच्या हिवरे बाजार गावाने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली. कायद्यातही बोअरच्या खोलीला ६० मीटरची मर्यादा आहेच.

मोसंबीवाला: म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडं बोअरची गाडी रात्री येते. तक्रार कुणी करायची? सहाशे फूटवाला माझा सख्खा चुलता आहे. ग्रामसभेत विषय निघू द्या, मी हात वर करतो. पण आधी त्याचा बोअर, मग माझं तळं.