मिंटवाला लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन, लोकलसेंडमध्ये फाइल एकाच बाजूने जाते

फोटोवाला: मंडळी, मी लग्नाचे फोटो काढतो, लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे आणि फोन अँड्रॉइड. दोन्हीकडे लोकलसेंड टाकलंय, म्हणजे एकाच वायफायवर केबलशिवाय फाइल पाठवायचं ॲप. फोनमध्ये लॅपटॉपचं नाव दिसतं, पण फाइल पाठवली की नुसतं वेटिंग, पुढे काहीच नाही. आणि लॅपटॉपमध्ये तर फोन दिसतच नाही. राउटरचा घोळ असेल म्हणून फोनच्या हॉटस्पॉटवर करून बघितलं तरी तेच! प्रिंटर मात्र त्याच वायफायवर लगेच सापडतो. काल रात्री नवरीकडच्यांना अल्बमसाठी फोटो द्यायचे होते, शेवटी केबल शोधत बसलो. कोणी सांगेल का?

खटपट्या: दादा, लॅपटॉपमधून फोनचा आयपी (वायफायवरचा त्याचा आकडी पत्ता) हाताने टाकून फाइल पाठवून बघा. गेली तर राउटरचा काही दोष नाही, लॅपटॉपचं फायरवॉल, म्हणजे बाहेरून आत येणारं अडवणारा पहारेकरी, चालू असणार. मिंटमध्ये ते आधीपासून चालू नसतं, तुम्ही कधीतरी चालू केलं असेल.

फोटोवाला: गेली! आयपी टाकला आणि फटकन गेली. आणि हो, फायरवॉल मीच चालू केलं होतं, साफ विसरलो होतो.

खटपट्या: मग झालं. लोकलसेंड एकमेकांना शोधायला २२४.०.०.१६७ या मल्टिकास्ट पत्त्यावर (एकदम सगळ्यांना ऐकू जाणारा पत्ता) यूडीपी या पद्धतीने हाक मारतं आणि खरी फाइल एचटीटीपीएसने जाते, ते टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालतं. दोन्हीचा पोर्ट, म्हणजे आत यायच्या दाराचा नंबर, ५३३१७ च. तुमच्या लॅपटॉपची हाक बाहेर पडते म्हणून फोनला नाव दिसतं, पण फोनचं उत्तर किंवा फाइल आत यायला गेली की फायरवॉल अडवतं. प्रिंटर सापडतो कारण मिंटचं फायरवॉल, यूएफडब्ल्यू, प्रिंटर शोधायच्या एमडीएनएस या पद्धतीला आधीपासूनच वाट देतं, लोकलसेंडच्या पत्त्याला देत नाही. फायरवॉल सेटिंगमध्ये ५३३१७ इनकमिंग (आत येणारं) अलाउ करा, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. फायरवॉल बंद करून टाकू नका हं, कॅफेच्या वायफायवर लॅपटॉप उघडा पडेल.

सह्यकडा: खटपट्याने बरोबर सांगितलंय. फोन आणि लॅपटॉप जोडणारं केडीई कनेक्ट ॲप वापरणाऱ्यांचीही हीच रड असते, तिथे १७१४ ते १७६४ पोर्ट उघडावे लागतात. मला वाटतं ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) खरं काम इथेच करायला हवं, कारण केडीई कनेक्ट, वॉर्पिनेटर, लोकलसेंड ही फाइल पाठवायची ॲप्स सगळी चांगली आहेत पण एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, त्यामुळे समोरच्याकडे तेच ॲप असावं लागतं. लोकलसेंडने आपला प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे नियम, वेगळा लिहून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवलाय, तो वाचून कोणीही दुसरं ॲप बनवू शकतं आणि ते जुन्याशी बोलेल, ही फार मोठी गोष्ट आहे. आरक्विकशेअर हे ॲप अँड्रॉइडमधल्या गुगलच्या क्विक शेअरशी (फाइल पाठवायची सोय) बोलतं तेही छान, पण तो प्रोटोकॉल बाहेरून उकलून बनवलेला, उद्या पलीकडे काही बदललं की इकडे मोडणार.

फोटोवाला दादा, एक करा, हा सगळा प्रकार लोकलसेंडच्या गिटहबवर लिहून टाका, पण "चालत नाही" एवढंच नको. दोन्हीकडचं व्हर्जन, फायरवॉल चालू होतं हे, कोणत्या बाजूने गेली आणि कोणत्या बाजूने अडली, आयपी टाकल्यावर काय झालं, एवढं असलं की ॲपमध्येच "फायरवॉल तपासा" असा नीट मेसेज दाखवता येईल का ते त्यांना बघता येईल. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं.

फोटोवाला: पोर्ट उघडला, दोन्हीकडून जातंय! १४० फोटो आत्ता फोनमधून लॅपटॉपवर आले. गिटहबवरची तक्रार (इश्यू) आज रात्री लिहितो, आधी मसुदा इथे टाकतो, तेवढं इंग्रजी तपासून द्या.