लहर प्रकाशाचीच कशाला पाहिजे?

वर एकांनी विचारलंय की कॅसिमिर फोर्स (अगदी जवळजवळच्या दोन भिंतींना एकमेकींकडं ओढणारं बारीकसं बल) तर प्रकाशाच्या लहरींमुळं असतो, मग अतिथंड गॅसमध्ये तो कुठनं आला? अहो, लहर प्रकाशाचीच पाहिजे असं कुठंय. आमच्या सोलापुरात यंत्रमागावरचा ताणलेला धागा बघा, दोन्ही टोकं घट्ट म्हणून तो ठराविकच पद्धतीनं थरथरतो, तसंच दोन भिंतींमधल्या बोस-आइनस्टाइन कंडेन्सेटमध्ये (म्हणजे सगळे अणू एकाच अवस्थेत आलेला अतिथंड गॅस) ध्वनीच्या ठराविकच लहरी मावतात, आतल्या-बाहेरच्या थरथरीत फरक पडला की भिंती एकमेकींकडं ओढल्या जातात, झालं. निरपेक्ष शून्य तापमानाला हे बल भौतिकशास्त्रज्ञ कॅसिमिरच्या १९४८ च्या गणितासारखंच, अंतर दुप्पट केलं की १६ पट कमी. फक्त प्रकाशाच्या वेगाजागी गॅसमधल्या आवाजाचा वेग येतो, आणि तो सेकंदाला काही मिलिमीटर! म्हणून तर मोजायला महाकठीण.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत भौतिकशास्त्रज्ञ एरिक कॉर्नेल यांच्या टीमनं मोजलं ते वेगळं हां, रुबिडियमच्या अणूंचा कंडेन्सेट काचेजवळ झुलवून अणू आणि काच यांच्यातली ओढ काढली, ती प्रकाशवालीच. दोन्हीची गल्लत नेहमी होते, माझीपण झालेली.

बाकी इथं लाइट गेलीय, घाम पुसत नॅनोकेल्विनच्या (निरपेक्ष शून्याला टेकलेल्या) थंडीबद्दल टाइप करतोय, हसू नका.