सीईयूचं बिऱ्हाड व्हिएन्नाला: विद्यार्थ्यांचा राग चुकीच्या दारावर?

दुसरंसत्र (धागाकर्ता)
बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीची (सीईयू) मान्यता न्यूयॉर्क राज्याची. वर्ग मात्र तिथे भरत नव्हते. एप्रिल 2017 मध्ये हंगेरीनं कायदा बदलला: परदेशी विद्यापीठाचं मायदेशीही अध्यापन हवं आणि दोन सरकारांत करार हवा. 3 डिसेंबर 2018 ला जाहीर झालं, की सप्टेंबर 2019 पासून अमेरिकी पदवीचे नवे प्रवेश व्हिएन्नात. कायदा वाईटच. पण विद्यार्थ्यांचा विद्यापीठावरचा राग चुकीचा कसा? वीस महिने हाताशी असताना विद्यापीठानं विद्यार्थ्यांना नऊ महिने देणं हा ढिसाळपणा नाही तर काय?

तळटीप
वीस महिने कागदावरचे. मुदत मुळात 1 जानेवारी 2018 होती. ऑक्टोबर 2017 मध्ये संसदेनंच ती वर्षभर पुढे ढकलली. मधल्या काळात विद्यापीठानं तिथल्या बार्ड कॉलेजच्या साथीनं न्यूयॉर्कमध्ये अध्यापन सुरू केलं, म्हणजे एक अट पुरी. करारावर सही अडली ती हंगेरी सरकारच्या टेबलावर. तेव्हाच ‘आम्ही निघालो’ म्हटलं असतं, तर सरकारच्या हाती आयतं कोलीत! शिवाय 25 ऑक्टोबर 2018 ला स्पष्ट सांगितलं होतं: 1 डिसेंबरपर्यंत सही नाही, तर जाणार. विद्यार्थ्यांनी कोशुत चौकात संसदेसमोर तंबू ठोकले ते सरकारविरुद्ध, कुलगुरूंविरुद्ध नव्हे.

अर्धीखुर्ची
तंबूचं मान्य. पण विद्यापीठाला ऑस्ट्रियाची मान्यता मिळाली जुलै 2019 मध्ये, आणि वर्ग सप्टेंबरात! युरोपीय संघाबाहेरच्या, म्हणजे आपल्याकडच्याही, मुलांचा हिशेब करा. प्रवेशपत्र, पुरेशी रक्कम, विमा, पोलिसांचा दाखला आणि व्हिएन्नातल्या राहत्या जागेचा पुरावा, एवढं जमलं की ऑस्ट्रियात राहण्याच्या परवान्याचा अर्ज. निर्णयाला महिने लागू शकतात. गोची जागेच्या पुराव्याची. परवाना नसलेल्याला घरमालक सहसा करार देत नाही, करार नसलेल्याला परवाना नाही. पैशाची अट 24 वर्षांवरच्यांना खालच्यांच्या जवळपास दुप्पट, म्हणजे पीएचडीवाले नेमके कात्रीत. पोचल्यावर तीन दिवसांत पत्त्याची नोंद, त्या फॉर्मवर घर देणाऱ्याची सही. परवाना एका वर्षाचा. नूतनीकरणाला वर्षाला 16 ईसीटीएस (युरोपीय पद्धतीचे) श्रेयांक दाखवायचे.

तळटीप
हे सगळं नव्यांना लागू. आधीपासून शिकणाऱ्यांना बुडापेस्टमध्येच पदवी पुरी करायची मुभा होती. ती विसरून चालणार नाही.

अर्धीखुर्ची
मुभा होती, मार्गदर्शक कुठे होता? प्राध्यापक हळूहळू व्हिएन्नाला सरकले. रेल्वेनं सुमारे अडीच-पावणेतीन तास. हंगेरीच्या परवान्यावर ऑस्ट्रियात राहण्याचा साधा नियम 180 दिवसांत 90 दिवस. रात्री परतलात तरी तो दिवस मोजला जातो. आठवड्याला तीन दिवस धरले तर सहा महिन्यांत 78. त्यात एखादी चार आठवड्यांची सलग कार्यशाळा आली की नव्वदी पार.

पिवळीट्राम
भाड्याबद्दल कुणीच बोलेना. व्हिएन्नात खोली महाग, आणि फावोरिटेनमधली क्वेलेनश्ट्रासची जागा म्हणजे कामगारवस्तीतली ऑफिसची इमारत. मला ती वस्ती आवडते, पण डॅन्यूबकाठची शान तिथे नाही. प्रवास तेवढा स्वस्त होता: 2019 मध्ये व्हिएन्नात मुख्य पत्ता असेल तर 26 वर्षांखालच्या विद्यार्थ्याला 75 युरोत सत्राचा पास मिळे, वय उलटलं की 365 युरोचा वार्षिक.

दुसरंसत्र
म्हणजे पुन्हा पीएचडीवाल्यांच्याच खिशाला कात्री.

तळटीप
आणि तरी दोष विद्यापीठाला? युरोपीय न्यायालयानं 6 ऑक्टोबर 2020 ला सांगितलंच की हंगेरीचा कायदा युरोपीय कायद्याच्या विरोधात होता.

अर्धीखुर्ची
बैल गेला आणि झोपा केला. तोवर व्हिएन्नात दुसरं वर्ष सुरू झालं होतं. निकाल कायद्याबद्दल आहे, मुदतीबद्दल नाही; मुलांची तक्रार मुदतीची.

पिवळीट्राम
एक राहिलंच. विद्यापीठाचं ओएसए (ओपन सोसायटी) अभिलेखागार बुडापेस्टमध्येच आहे. रेडिओ फ्री युरोप या शीतयुद्धातल्या अमेरिकी पैशावरच्या नभोवाणीच्या संशोधन विभागाचे कागद हवे असणारा पीएचडीवाला आता व्हिएन्नाहून उलट दिशेची गाडी पकडतो.