इन्स्टॉलर स्क्रिप्ट: एका ऐच्छिक पॅकेजमुळे सगळंच अडतं

प्रश्न: डेबियनसाठी (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजं बसवणारी बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञांची फाइल) आहे, सुरुवातीला 'सेट -ई' (कुठलीही आज्ञा फसली की थांब). गिट, कर्ल, एचटॉप, निओफेच ही पॅकेजांची नावं एकाच 'एपीटी-गेट इन्स्टॉल' (पॅकेज बसवायची आज्ञा) ओळीत दिली आहेत. डेबियन १२ वर सुरळीत चालते, १३ वर मात्र काहीच बसत नाही. शिवाय 'हे हवं का?' असं विचारणारा 'रीड' (टाइप केलेलं उत्तर वाचणारी आज्ञा) उत्तराची वाटच पाहत नाही.

उत्तर १: १३ च्या भांडारात निओफेच नाही. यादीतलं एक नाव जरी सापडलं नाही तरी एपीटी अख्खी यादी सोडून देतो, १०० हा चूक सांगणारा कोड परत करतो आणि 'सेट -ई' तिथेच स्क्रिप्ट थांबवतो. दोन ॲरे (याद्या) करा. गिट-कर्ल आवश्यक यादीत. ती फसली तर थांबणंच योग्य. ऐच्छिक यादी फॉर लूपमध्ये एकेक करून बसवा, पुढे '||' (म्हणजे 'फसलं तर') लावून फसलेलं नाव तिसऱ्या ॲरेत टाका आणि शेवटी छापा. '|| ट्रू' लिहून (म्हणजे चूक दडपून) गप्प बसू नका, काय राहिलं ते वापरणाऱ्याला कळायलाच हवं.

उत्तर २: स्क्रिप्ट 'कर्ल | बॅश' अशी (नेटवरून उतरवून थेट बॅशला देऊन) चालवता का? मग स्टँडर्ड इनपुट (आज्ञा जिथून वाचते ती जागा) म्हणजे खुद्द स्क्रिप्टच, आणि 'रीड' तिचीच पुढची ओळ गिळतो. त्याला '< /डेव्ह/टीटीवाय' द्या, म्हणजे तो थेट टर्मिनलवरून वाचेल. टर्मिनल नसेल तर 'नाही' धरा.

उत्तर ३: डेबकॉन्फचे (पॅकेज बसताना सेटिंग विचारणारी सोय) प्रश्न टाळायला 'डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरॲक्टिव्ह' हे सुडोच्या (ॲडमिनच्या हक्काने आज्ञा चालवणारी आज्ञा) नंतर लिहा. आधी लिहिलं तर सुडो सहसा ते पुढे जाऊ देत नाही.