मदत हवी आहे : हिमाचलात लोकरकाम शिकायला कुठे जावं?

नमस्कार मंडळी. सप्टेंबर-ऑक्टोबरात आठ-दहा दिवस कुल्लू किंवा किन्नौरकडे राहून लोकरीचं काम शिकायचं आहे. फिरणं दुय्यम. कातरणं, धुणं, पिंजणं, टकळीवर कातणं आणि जमलं तर मागावर वीतभर पट्टू (तिकडची अंगावर घ्यायची जाड लोकरी शाल), एवढं सगळं स्वतःच्या हातानं करायचंय.

आमच्याकडे सांगलीला घोंगडी विणताना जवळून पाहिलीय. खड्ड्यातला माग, ताण्याला चिंचोक्यांची खळ, दख्खनी मेंढीची ती टोचरी राठ लोकर. टकळीही फिरवून पाहिली, पण सूत दर दोन हातांवर तुटायचं! तिकडची लोकर मऊ असते, तर ती कातायला सोपी की उलट निसटती?

तिकडचे गद्दी जमातीचे मेंढपाळ थंडीआधी कळप घेऊन वरच्या कुरणांतून खाली उतरतात. कातरणी बघायला नेमके कुठले आठवडे धरावेत? आणि एखाद्या विणकराच्या घरी राहून शिकलेलं कुणी आहे का इथे? दोन तासांत फोटो काढून हातात प्रमाणपत्र देणारे 'वर्कशॉप' नकोत, एकदा फसलेय. खर्चाचा अंदाजही द्या. सोबत आई आहे, वय ६८, त्यामुळे फार चढ नसलेलं गाव हवं.