राजगड–तोरणा: १४ जणांचा शनिवार-रविवार कसा बसवावा?

शनिवारवाला:
डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी ऑफिसातल्या १४ जणांचा राजगड–तोरणा ठरतोय. पाच जण सिंहगडापलीकडे गेलेले नाहीत, दोघं पन्नाशीचे, बाकीचे नेहमी डोंगरात जाणारे. सध्याचा बेत असा: शनिवारी दुपारी पायथ्याच्या गुंजवण्यातून चोर दरवाज्याने राजगड, रात्री गडावरच्या पद्मावतीच्या देवळात मुक्काम, रविवारी पहाटे अळू दरवाज्याने उतरून दोन्ही गडांना जोडणाऱ्या डोंगरधारेने तोरणा आणि संध्याकाळी तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात गाडी. पाणी माणशी किती घ्यावं? तोरण्याच्या बुधला माचीखालच्या शिडीपाशी दोर लागेल का? आणि कोणी मध्येच थकलं तर बाहेर काढायला वाट आहे का?

घसारा:
तिन्ही प्रश्नांआधी मुक्कामाचं बघा. राजगडावर रात्री राहायला पुरातत्त्व विभागाने मनाई केली आहे, त्यामुळे देवळाच्या भरवशावर आखलेला बेत पायथ्यालाच अडतो. त्यावर लोक उपाय काढतात तो आणखी वाईट: गुंजवण्यात झोपायचं आणि रविवारी एका दमात सगळं उरकायचं. गुंजवणे ते पद्मावती माची अडीच तास, तिथून अळू दरवाजा एक तास, धारेने बुधला माची पाच-सहा तास, माची ते तोरण्यावरचं मेंगाई देऊळ एक तास, वेल्ह्याला उतरायला अडीच तास. बेरीज बारा-तेरा तास, तीही थांबे न धरता. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे तोरण्याची कातळातली उतरंड नवख्यांना बॅटरीच्या उजेडात करावी लागणार.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नातच याचं उत्तर आहे. अळू दरवाज्यातून उतरून दीड-दोन तास धारेने गेलं की वेल्ह्याहून भुतोंड्याला जाणारा गाडीरस्ता खिंडीत धार ओलांडतो. ट्रेक तिथेच तोडा. शनिवारी सकाळी सातला गुंजवणे सोडा, साडेनऊला पद्मावती माची, बारापर्यंत बालेकिल्ला, दीडला अळू दरवाजा, चारच्या आत खिंड. जीप तिथे उभी ठेवा आणि मुक्कामाला वेल्ह्यात या. रविवारी सहाला परत त्याच खिंडीतून तोरण्याकडे निघा. राजगडाची सुवेळा माची आणि तिथलं नेढं (कातळातलं आरपार भोक) या खेपेला सोडा, ते नेमकं उलट्या दिशेला आहे. टेम्पो ट्रॅव्हलर घाटात न्यायची असेल तर रस्ता कसा आहे ते वेल्ह्यात विचारून घ्या. दोन जीप केल्या तर बरं.

कारवी:
घसारा यांना अनुमोदन. यात आणखी एक फायदा म्हणजे पथारी, जास्तीचे कपडे, शिधा सगळं गाडीत राहतं आणि पाठीवर जेमतेम चार-पाच किलो. धारेवर लोक गळतात ते अंतरामुळे कमी आणि बारा किलोच्या सॅकमुळे जास्त.

पाणी: राजगडावर पद्मावती माचीवरच्या टाक्यांत मिळतं, पण गाळून आणि क्लोरीनच्या गोळ्या टाकून. गोळीच्या पाकिटावर लिहिलेला वेळ पाळा, बहुतेकींना अर्धा तास लागतो. अळू दरवाज्यापासून तोरण्यापर्यंत मात्र धारेवर भरवशाचं पाणी नाही. एखाद्या धनगराच्या झापावर (झोपडीवर) ताक मिळालं तर नशीब समजा, हिशेबात धरू नका. रविवारी माणशी चार लिटर. १४ जणांचे ५६ लिटर होतात, म्हणून २० लिटरचे तीन जार आदल्या रात्रीच गाडीत टाका आणि पहाटे खिंडीत वाटा. बाटल्या एक-एक लिटरच्या घ्या, म्हणजे कोण किती प्यायलं ते दिसतं. नवखे पहिल्या दोन तासांत तीन लिटर संपवतात, किंवा दुपारपर्यंत थेंब पीत नाहीत आणि मग पोटऱ्यांत गोळे येतात.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एका लिटरसाठी असतं. अर्ध्या लिटरमध्ये ओतलं की खारट लागतं, मळमळतं आणि तहान वाढते. दर माणशी एक मोठं पाकीट पुरे.

जेवणाला दशम्या आणि कोरडी चटणी, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. बिस्किटं कमी न्या, ती पाणी मागतात.

शनिवारवाला:
खिंडीत तोडायची कल्पना पटली. मग दिशा उलटी केली तर? पहिल्या दिवशी ताज्या पायांनी तोरणा, दुसऱ्या दिवशी राजगड. शिवाय दोराचं राहिलंच.

ताकपाणी:
उलटं करू नका. तोरण्याहून खिंडीकडे जाताना ती शिडी आणि खालचा मुरमाड उतार उतरावा लागतो. चढताना घसाऱ्यावर हात टेकता येतात आणि नजर वर असते. उतरताना नवखा माणूस मागे रेलतो, टाचा सुटतात आणि पाय खालून निसटतो. शिवाय त्याच्या पायाने सुटलेले दगड पुढच्यांच्या डोक्यावर. चढतानाही या टप्प्यात एकाखाली एक न राहता तिरके उभे राहा, आणि वरचा पूर्ण पार झाल्यावरच खालच्याने निघायचं.

शिडी असल्यामुळे दोर लागेलच असं नाही, तरी ३० मीटरचा १० मिमीचा एक दोर, दोन स्लिंग (पट्ट्यांचे फास) आणि दोन स्क्रू कॅरॅबिनर (पेचाच्या कड्या) न्या. बिचकणाऱ्याच्या कमरेला वरून आधार दिला की तो निम्म्या वेळात चढतो. पण हे बांधता येणारा माणूस गटात हवा. गाठी येत नसतील तर दोर हे नुसतं ओझं. एकावेळी एकच जण, माणशी तीन मिनिटं धरली तरी १४ जणांना पाऊण तास लागतो. हा पाऊण तास वेळापत्रकात नसतो, म्हणून सगळे गट तिथे उशिरा पडतात. अकराच्या आत शिडीशी पोचा.

वाट चुकते ती शिडीपाशी नव्हे, त्याआधी कारवीच्या रानात. ढोरवाटा ठळक असतात आणि हळूहळू खाली भुतोंड्याच्या बाजूला नेतात. दहा मिनिटं सलग उतार लागला आणि धार डोक्यावर गेली, की थांबा आणि मागे फिरा, आडवं कापत वर जायचं नाही. पुढे लीड (वाट दाखवणारा), शेवटी बॅक लीड (सगळ्यांच्या मागे राहणारा), मध्ये दोन जाणते, आणि प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही.

घसारा:
आग्या मोहोळांचंही सांगा सगळ्यांना. दोन्ही गडांच्या कड्यांवर ती असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, ड्रोन काही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता डोकं-तोंड कापडाने झाकून तिथून दूर व्हायचं. माशीचा काटा रुतला तर नखाने खरवडून ताबडतोब काढा. कोणाला ॲलर्जी आहे का, ते निघण्याआधी विचारून ठेवा.

कारवी:
आणि त्या पाच नवख्यांना नोव्हेंबरात सिंहगड पायवाटेने सलग दोनदा चढ-उतार करायला लावा, त्याच बुटांत. सोल गुळगुळीत झाला असेल तर तिथेच कळेल. नवे बूट चावत असतील तर फोड यायच्या आधी टाचेला मायक्रोपोर पट्टी लावायची, नंतर लावून उपयोग नाही. ज्याचे गुडघे सिंहगड उतरतानाच बोलू लागतील त्याला रविवारी तोरणा वेल्ह्याच्या बाजूने चढू द्या, एक जाणता सोबत द्या आणि बाराला मेंगाई देवळापाशी भेटा. वेल्ह्याहून अडीच-तीन तासांची चढण आहे, त्यांनी आठला निघालं तरी चालेल.