टन म्हणजे वजन नव्हे

‘आयकॉन ऑफ द सीज’ या क्रूझ जहाजाचं वजन २,४८,६६३ टन, मग ते तरंगतं कसं, असं एकानं विचारलंय. भावा, तो आकडा वजनाचा नाहीच, ग्रॉस टनेजचा आहे! ग्रॉस टनेज म्हणजे आतल्या बंदिस्त जागेचं, घनफळावरून काढलेलं माप. खरं वजन त्याहून बरंच कमी. त्यातही इंजिनं, जनरेटर, तेला-पाण्याच्या टाक्या तळाशी, म्हणून वीस मजले असूनही कलंडत नाही.

पण वर गेलं की डुलणं वाढतंच. रंकाळ्यात होडीत उभं राहिलं की कळतंय की. मुंबईहून क्रूझला गेलो तेव्हा आमची केबिन खाली, मधोमध. पोटातलं पाणी हललं नाही. मेव्हण्यानं जादा पैसे मोजून वरची, पुढच्या टोकाची घेतली आणि रात्रभर लिंबू चोखत बसला.